हिशेबाची वही आपल्या हाती हवी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



‘डिजिटल शेती’चा सध्या मोठा गाजावाजा आहे. मोबाईल हाती आला की शेतकऱ्याचे दैन्य संपलेच, असे सांगत रोज नवे ॲप बांधावर येते. त्याला आपण हाकलून लावायचे नाही. तंत्रज्ञानाला आपला विरोध कधीच नव्हता. आपण एवढेच विचारायचे : यात माहिती कोणाची जाते आणि तिच्यावर कमाई कोणाची होते?

हिशेब आपल्याला नवा नाही. 1977 च्या सुमारास शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत उतरले आणि त्यांनी खर्चाचा पै-पैचा हिशेब मांडला. शेती तोट्यात जाते ती शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून नव्हे, तर त्याला भाव मिळू दिला जात नाही म्हणून, हे त्या हिशेबातून दिसले. आज ज्याला ‘डेटा’ म्हणतात तो हाच.

व्यापाऱ्याने हे केव्हाच ओळखले. 2000 साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केले. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवला. गाडी जुंपण्याआधीच भाव कळू लागला. परवडले तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यायचा, नाही तर बाजार समितीत. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर. शेतकऱ्याचा फायदा झाला, हे खरे. पण कंपनीचाही मधला खर्च वाचला, आणि कोणत्या गावात किती माल आहे, हे तिला बसल्या जागी समजू लागले. ध्यानात घ्या, कंपनीने आधी संगणक घेऊन मग त्याला काम शोधले नाही. चांगला माल कमी खर्चात थेट कसा मिळेल, हा प्रश्न आधी होता. यंत्र नंतर आले.

मग आपला प्रश्न कोणता? क्विंटलभर कापूस मला केवढ्याला पडतो, हा.

समजा, वेचणी सोडून एकरी खर्च 24 हजार रुपये आला. 6 क्विंटल पिकले तर क्विंटल 4 हजाराला पडला. पावसाने दगा दिला आणि 4 च क्विंटल निघाले, तर तोच 6 हजाराला. वेचणी किलोला 10 रुपये धरली तर आणखी 1 हजार. म्हणजे एकाला 5 हजार, दुसऱ्याला 7 हजार. हमीभाव मात्र दोघांना एकच. 2025-26 साली लांब धाग्याच्या कापसाला तो 8,110 रुपये होता. हा भाव ठरवताना खिशातला खर्च आणि घरच्यांची मजुरी धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरत नाहीत. शिवाय आकडे सरासरीचे. ओलिताचा आणि कोरडवाहू एकाच मापाने मोजला जातो. ज्वारीचेही तसेच. दाणे आपण मोजतो, कडबा घरच्या बैलांपुढे टाकतो आणि त्याची किंमत कुठेच लिहीत नाही.

सरकारी नोंदीही आता मोबाईलवर आल्या. 2021 पासून ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावरचे पीक आपण स्वतः नोंदवतो. 2025 साली सीसीआयच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. जो नोंद चुकला तो हमीभावाला मुकण्याची भीती. केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर माल घेत नाहीत. म्हणून ही नोंद दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. स्वतः करा, नंतर उघडून तपासा. केंद्रावर लावलेला ओलावा, वजन आणि कपात त्याच दिवशी लिहून ठेवा.

पण भ्रमात राहू नका. माहिती म्हणजे भाव नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमकी आपल्या वेचणीची वेळ! भाव मोबाईलवर दिसतो, तो पाडणारा हुकूम दिल्लीत निघतो. त्या हुकुमाशी भांडायचे तर तोंडी गाऱ्हाणे पुरत नाही. समोरचा आकडे घेऊन बसतो, आपणही आकडे घेऊनच बसले पाहिजे.

म्हणून तीन कामे ठरवू या. पहिले, घरटी एक वही. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, डवरणी, वेचणी सगळे तारखेनिशी त्यात यावे. घरच्या लक्ष्मीच्या राबण्याचीही मजुरी लावा. तिचे कष्ट फुकट धरूनच आजवर कापूस स्वस्त दिसला. दुसरे, गावातल्या दहा घरांनी महिन्यातून एकदा बसून वह्या ताडून पाहाव्यात आणि शिकत्या पोराने किंवा पोरीने ते आकडे मोबाईलवर उतरवावेत. तिसरे, कोणतेही ॲप जमिनीची, बँकेची माहिती मागू लागले, तर ती कशासाठी हे विचारल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर वही आणा. आपला तोटा किती, हे दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगू.