पिकाने प्यालेल्या पाण्याचा हिशेब
(आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा येथील बैठकीतील भाषण)



दुष्काळ पडला हे आपल्याला पऱ्हाटीच्या पात्या गळू लागल्या की कळते. सरकारला कळण्याची रीत वेगळी. पूर्वी सारा भर आणेवारीवर होता. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळाची नवी संहिता काढली. आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा. मग पेरणी, उपग्रहाने टिपलेला हिरवेपणा, जमिनीतली ओल, भूजल आणि जलाशय यांचे आकडे. शेवटी शेतावर जाऊन पडताळणी. याच रीतीने २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०२३ मध्ये ४० तालुक्यांत. तालुका यादीत आला तर कर्जवसुली थांबते, वीजबिलात सूट मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते. यादीबाहेर राहिला तर या सवलतींची खात्री नाही. तेव्हा हे आकडे निघतात कसे, ते आपल्याला समजलेच पाहिजे.

ओलीचा एक आकडा असा : पिकाला भरपूर ओल मिळाली असती तर ते किती पाणी प्याले असते, आणि प्रत्यक्षात किती प्याले, याचे शंभरातले प्रमाण. ते २६ ते ५० आले तर मध्यम दुष्काळ, २५ किंवा त्याखाली आले तर तीव्र. संहितेत हा आकडा पाऊस, जमीन आणि हवामान यांच्या हिशेबाने काढतात. पण पिकाने प्यालेले पाणी आता उपग्रहावरूनही काढता येते.

कसे, ते पाहा. मातीचा माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडते, म्हणून माठ गार राहतो. प्लास्टिकच्या डब्यात ते होत नाही. पिकाचेही तसेच. मुळाला ओल मिळते तोवर पानातून वाफ निघते आणि शेत गार राहते. ओल संपली की ज्वारीची पाने सुरळी होतात आणि शेत तापते. उपग्रह हा ताप आणि हिरवेपणा टिपतो. सूर्याकडून आलेल्या उष्णतेतून जमीन आणि हवा तापवायला गेलेली उष्णता वजा केली, की उरलेली पाणी उडवायला खर्च झाली, असा हिशेब मांडतात. हॉलंडचे शास्त्रज्ञ बास्तियानसेन यांनी १९९० नंतरच्या दशकात याची 'सेबाल' नावाची पद्धत बसवली.

म्हणजे उपग्रह पाणी मोजत नाही. तो ताप मोजतो, पाणी गणिताने निघते. त्यामुळे दोन अडचणी येतात.

पहिली, ढग. ताप टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ढगाखालचे शेत दिसत नाही. लँडसॅटचे दोन उपग्रह मिळून आठ दिवसांनी एकदा आपल्यावरून जातात. त्या सकाळी आभाळ भरलेले असेल तर तो फेरा वाया गेला. मधले दिवस अंदाजाने भरतात. मात्र पावसाचा खंड पडला की आभाळही बरेचदा उघडते. म्हणजे नेमक्या त्या दिवसांत उपग्रह आपला साक्षीदार होऊ शकतो.

दुसरी, ठिपक्याचा आकार. लँडसॅटचा ताप टिपणारा ठिपका १०० मीटर चौरस, म्हणजे अडीच एकराचा. दुसऱ्या काही उपग्रहांचा एक किलोमीटरचा, म्हणजे सुमारे २५० एकराचा. या भंडारा जिल्ह्यात तेवढ्या जागेत मामा तलाव असतो, धानाच्या बांध्या असतात, पळसाची झाडे असतात आणि कडेला कोणाची बरडावरची पऱ्हाटी. साऱ्यांची सरासरी गार निघते, आणि पऱ्हाटी वाळली तरी आकड्यात दिसत नाही.

आता आपला हिशेब. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. बोंडे भरताना पऱ्हाटी दिवसाला पाचेक मिलिमीटर पिते. खोल काळ्या जमिनीत १५० मिलिमीटर ओल साठली असेल तर महिनाभर निभते. मुरमाड जमिनीत ५० च साठली असेल तर दहा दिवसांत खेळ संपतो. पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण एकाचे पीक उभे आणि दुसऱ्याचे गेले. तालुक्याच्या सरासरीत हा फरक बुडतो.

म्हणून तीन कामे करा. गावात पाऊसमापक ठेवा आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहा. खंड पडला की आठ दिवसांनी एकदा हलक्या आणि भारी जमिनीत वीतभर खोदून ओल कुठवर आहे ते तारखेसह नोंदवा, फोटो काढा. आणि ई-पीक पाहणीत आपला खरा पेरा वेळेत चढवा, नाहीतर तुमची पऱ्हाटी कागदावर नसेलच.

पडताळणीला माणसे येतील तेव्हा नुसते "पीक गेले" म्हणू नका. वही पुढे करा. वरचा आकडा आणि खालची वही जुळली तर आपली बाजू पक्की होते. जुळली नाही तर कोणता ठिपका, कोणती तारीख, हे विचारायला तोंड मिळते.