दोन मोटारी : अँबॅसिडर आणि पद्मिनी

मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, असा एक काळ होता. त्या काळच्या मध्यमवर्गीय गृहस्थाला मोटारीची निवड फार जपून करावी लागे. कारण एकदां घेतलेली मोटार बहुधा जन्माचीच असे. त्याच्यापुढें पर्याय मुख्यतः दोन. एक उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर. दुसरी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली फियाट, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें.

पहिलीचें माहेर इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड, दुसरीचें इटलींतील फियाट ११००. अँबॅसिडरचें एंजिन १४८९ घनसेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें ५० अश्वांची. पद्मिनीचें १०८९ घनसेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें ४०. एवढें ऐकून कोणीहि अँबॅसिडरला चपळ ठरवील. परंतु वजन पाहावें. अँबॅसिडर सुमारें ११०० किलोग्रॅम, पद्मिनी ९०० च्या आंत. भागाकार केला तर दर टनामागें दोघींच्या वांट्याला सारखेच, सुमारें ४५ अश्व येतात!

हा हिशेब मात्र रिकाम्या गाडीचा झाला. आणि आपल्याकडे रिकामी गाडी घाट चढते कोठें? पांच माणसें, दोन ट्रंका, वळकट्या आणि आंब्याची करंडी असें ४०० किलोंचें ओझें धरलें तर अँबॅसिडरला टनामागें ३३ अश्व उरतात, पद्मिनीला ३१ सुद्धां नाहींत. शिवाय धाकटें एंजिन आपली पूर्ण शक्ति अधिक फेऱ्यांवर देतें, म्हणून बोरघाटांत पद्मिनीच्या चालकाला खालचा गिअर लवकर टाकावा लागे. उन्हाळ्यांत तर पेट्रोलची नळींतच वाफ होऊन गाडी मध्येंच थांबे. मग पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवून मंडळी कडेला बसत. असल्या प्रसंगीं अँबॅसिडरवाला शेजारून जातांना हसला, तर त्याला दोष कसा द्यावा?

तोच अँबॅसिडरवाला गिरगांवांत शिरला म्हणजे मात्र त्याचें हसणें मावळे. पद्मिनीची लांबी ३·९३ मीटर, अँबॅसिडरची ४·३१. हा हातभराला थोडा कमी असा फरक चाळीच्या बोळांत वळतांना फार मोठा होतो. हलक्या गाडीला पेट्रोलहि कमी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनीचें राज्य झालें, आणि कलकत्त्यास अँबॅसिडरचें, तें उगीच नव्हे. ज्याचा संसार शहरांत, त्यानें पद्मिनी घेतली तें योग्यच केलें. ज्याला दरसाल गांवचे खांचखळगे तुडवावयाचे, त्याला मात्र अँबॅसिडरवांचून गत्यंतर नव्हतें.

वेगाच्या बढाया दोन्ही पक्षांनीं मारल्या. त्यांत अर्थ थोडा, कारण त्या वेळचे रस्ते आणि ड्रमचे ब्रेक यांपुढें ताशीं ८० किलोमीटर हाच शहाणा वेग होता.

पद्मिनीचें उत्पादन नव्या शतकाच्या आरंभीं थांबलें, अँबॅसिडरचें २०१४ सालीं. आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली.