अपघाताची चौकशी



मी मुळशी तालुक्यांतील कोळवणचा एक निवृत्त शाळामास्तर. कारखान्यांच्या शास्त्रांत माझा अधिकार नाहीं. तरीही या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें, त्याचें कारण आमच्याच तालुक्यांत घडलेली एक दुर्घटना होय.

७ जून २०२१ रोजीं दुपारीं उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागली. सतरा कामगार प्राणांस मुकले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. देह इतके जळाले होते कीं, ओळख पटविण्यासाठीं डीएनए चाचणी करावी लागली. सरकारनें वारसांस मदत जाहीर केली व उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमली. त्या दिवसांत पारावर एकच प्रश्न ऐकूं येई, "दोष कोणाचा?" प्रश्न रास्त आहे; न्यायालयानें तो सोडवावाच. पण चौकशी तेवढ्यावरच थांबली, तर उद्यां कामावर जाणाऱ्या बाईचें रक्षण कसें व्हावें?

माझाच एक प्रमाद सांगतों. शाळेंत प्रयोगाच्या टेबलावरून एकदां चंचुपात्र पडून फुटलें. "कोणीं पाडलें?" म्हणून मीं दरडावलें. सारा वर्ग मान खालीं घालून बसला. अखेर जवळ उभ्या असलेल्या मुलास मीं शिक्षा केली. आठ दिवसांनीं त्याच जागीं दुसरें पात्र फुटलें. तेव्हां पाहतों तों टेबलाचा एक पाय आखूड! मुलांना तें ठाऊक होतें, पण "कसें पडलें?" असें मीं विचारलेंच नव्हतें. त्या मुलाची मीं वर्गासमक्ष क्षमा मागितली.

मुंबईच्या गोदींतील स्फोटाकडे याच दृष्टीनें पाहावें. १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. ठिणगी कोणाची, एवढेंच विचारून भागत नाहीं. कापसाच्या गांठी व स्फोटकें एकाच जहाजांत कां भरलीं? हातीं दोन तास असतां जहाज बुडविण्याचा वा बाहेर नेण्याचा निर्णय कां झाला नाहीं? खरे प्रश्न हे आहेत.

म्हणून चौकशी करणारानें अपघाताची जागा प्रथम जशीच्या तशी राखावी. साक्षी लवकर व वेगवेगळ्या घ्याव्यात. खरें सांगितल्यानें नोकरी जाणार नाहीं, असें अभय कामगारास द्यावें. मग कारणामागील कारण शोधीत जावें: ज्वालाग्राही माल किती व कोठें होता? बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या होत्या काय? आगीच्या वेळीं काय करावें, हें कोणीं शिकविलें होतें काय? पूर्वीं थोडक्यांत निभावलेले प्रसंग नोंदले होते काय?

१९४८ च्या कारखाना कायद्यानें गंभीर अपघाताची वर्दी देणें मालकास बंधनकारक केलें. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं, त्यांत दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांतील धोक्यांची माहिती कामगारांस देण्याचें कर्तव्यही मालकावर आलें. परंतु कायदा कागदावर असतो आणि आग कारखान्यांत लागते. चौकशीचा अहवाल दप्तरांत बांधून ठेवूं नये; कामगारांना समजेल अशा मराठींत तो त्यांच्यापुढें वाचून दाखवावा. उरवड्याच्या मृतांचें त्याहून उचित स्मारक मला सुचत नाहीं.