वाचन, सूर आणि लेखणी



निबंधाच्या तासाला ‘काय लिहू?’ म्हणून कोऱ्या वहीकडे पाहत बसलेले मूल प्रत्येक शाळेत भेटते. लेखनाची प्रेरणा कोठून येते, या त्याच्या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाराष्ट्रापासून दूर, पंजाबच्या भूमीवर आजही नांदते आहे. चंडीगडला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर ते विशेष जवळचे वाटावे.

पंढरीचे संत नामदेव शिंपी कुळातले. त्यांचे शब्द आधी टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तनात उमटले आणि मग वह्यांत उतरले. ज्ञानदेवांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली. इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या सहवासाचे आणि वियोगाचे वर्णन नामदेवांच्या गाथेतील ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांत आहे. मन भरून आले तेव्हा शब्दांना वाट मिळाली. त्यांच्याच घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत जात्याची घरघर ऐकू येते. प्रेरणेसाठी निराळी सवड किंवा निराळी खोली त्यांनी मागितली नाही.

पुढे नामदेव पंजाबात गेले आणि गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. तेथील लोकांच्या भाषेत त्यांनी पदे रचली. तरी त्यांत मराठी वळणाच्या खुणा अभ्यासकांना आढळतात. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या ग्रंथाची मुख्य मांडणी रागांनुसार आहे. पद वाचताना ते कोणत्या रागात गायचे, हेही वाचकाला कळते. वाचन आणि गायन यांची तेथे फारकतच नाही. याच घुमानला एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते.

दुसरे उदाहरण कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट खुंटली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनविद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि पुस्तके छापली. ज्यांची दृष्टी अधू झाली, त्यांनी इतरांना सूर वाचायला शिकवले! फाळणीत ते लाहोर दुरावले, म्हणून पंजाबच्या नव्या राजधानीसाठी चंडीगड वसवले गेले. त्यामुळे या नगरीतील मराठी माणसाला पलुसकरांचा वारसा परका नाही.

आज प्रश्न आहे तो नातवंडांचा. चंडीगडला वाढणारे मराठी मूल घरात मराठी ऐकते, अंगणात पंजाबी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी. आजीशी ते दूरध्वनीवर बोलते. पण आजीने पाठवलेले पुस्तक मिटलेलेच राहते. एका पिढीत वाचन सुटले की पुढच्या पिढीत बोलणेही विरळ होते. वास्तविक लिपीची अडचण नाही. हिंदीमुळे देवनागरी त्याला येतेच, आणि पंजाबी बोलीमुळे ‘ळ’चा उच्चारही कानांवर पडलेला असतो. उणीव आहे ती सहवासाची.

पालकहो, ती भरून काढणे आपल्या हाती आहे. रात्री दहा मिनिटे मोठ्याने वाचावे. मुलाने मध्येच थांबवून अर्थ विचारला, तर वाचन थांबवून तो सांगावा. सणावाराला एखादा अभंग सर्वांनी मिळून म्हणावा. ताल चुकला तरी चालेल. मग महिन्यातून एकदा आजीला चार ओळींचे पत्र लिहू द्यावे आणि त्यातील ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी तपासू नये. कानांत भाषा साठली आणि सांगण्यासारखे जवळचे माणूस समोर असले, की ‘काय लिहू?’ हा प्रश्न मागे पडतो.

माजी विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. जेथे असाल तेथून शाळेच्या ग्रंथालयाला वर्षातून एक मराठी पुस्तक पाठवा आणि ते का आवडले, हे पहिल्या कोऱ्या पानावर स्वहस्ते लिहा. पुढच्या वाचकाला लिहिते करायला तेवढे पान पुरेसे आहे.