परदेशी मालाची अडत आणि सरकारी खरेदी

सातारा-सांगलीकडील श्रोत्यांना अडत्या हा माणूस नवा नाहीं. सांगलीच्या हळदीच्या पेठेंत तो शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानीं उतरवून घेतो, व्यापाऱ्यांस दाखवितो, सौदा जुळवितो आणि या खटाटोपाबद्दल शेंकडा अमुक अशी अडत घेतो. या अडतीविषयीं कुरकुर पुष्कळ होते. परंतु ती किती घेतली हें समजण्यास अडचण पडत नाहीं. सौदा झाला कीं पट्टी होते, आणि पट्टींत अडत, हमाली, तोलाई यांच्या रकमा वेगवेगळ्या मांडलेल्या असतात.

सरकार जेव्हां परदेशी कारखान्याकडून यंत्र विकत घेतें, तेव्हांहि पुष्कळदां मध्यें असाच एक अडत्या असतो. त्याला एजंट म्हणतात. मात्र त्याच्या अडतीची पट्टी खरेदीदारापुढें येतेच असें नाहीं. ती यंत्राच्या किंमतींत मुरवलेली असते, आणि जे करदाते ती भरतात त्यांना तिचा पत्ताहि नसतो.

एजंट नकोच, असें म्हणणें सोपें आहे. समजा, केंद्र सरकारच्या एखाद्या दवाखान्यानें जर्मनींतील कारखान्याकडून क्ष-किरणांचें यंत्र घेतलें आणि ऐन पावसाळ्यांत तें बंद पडलें. जर्मनीहून कारागीर येईपर्यंत रोग्यांनीं काय करावें? पुण्यास किंवा मुंबईस त्या कारखान्याचा माणूस असेल, त्याच्याजवळ सुटे भाग असतील, तर चार दिवसांत काम होतें. या सेवेचे पैसे देण्यांत वावगें कांहींच नाहीं. पण ज्यानें यंत्राचा एक खिळाहि बसविलेला नाहीं, आणि निविदा उघडण्यापूर्वीं कोणत्या अधिकाऱ्याचें मन कसें वळवावें एवढेंच ज्याला ठाऊक आहे, तोहि एजंट याच नांवाखालीं पैसे घेतो. दोघांना एका तराजूंत घालणें हा पहिल्यावर अन्याय आहे, आणि दुसऱ्याची त्यांत सोय आहे.

परदेशी माल विकणें हा मुळांत हीन धंदा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगांवांत परदेशी सायकली विकण्यापासून झाला. तो उघड दुकानदारीचा व्यवहार होता. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळें पहिले नांगर पडून राहिले. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें ते कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले, आणि आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळीं हिंदुस्थान सरकारास लागणाऱ्या सामानाची मोठी खरेदी लंडनमधून होत असे. १९२२ सालीं इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघालें, तेव्हां कोठें सरकारास येथें खरेदी करणारें मध्यवर्ती खातें मिळालें. तोंवर ज्या टेबलावर मालाची निवड होई, तेथपर्यंत देशी कारखानदाराचा हात पोंचणें कठीण होतें.

स्वतंत्र भारतांत हा विषय घरोघरीं पोंचला तो बोफोर्स तोफांमुळें. मार्च १९८६ मध्यें स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशीं ४१० तोफांचा, सुमारें १,४३७ कोटि रुपयांचा करार झाला. सौद्यांत मध्यस्थ असूं नये अशी सरकारची अट होती. १६ एप्रिल १९८७ रोजीं स्वीडनच्या नभोवाणीनें लांच दिली गेल्याची बातमी सांगितली. त्याच वर्षीं तेथील राष्ट्रीय हिशेबतपासणी खात्याला या सौद्यापोटीं पैसे दिले गेल्याचें आढळलें. जुन्या एजंटांशीं असलेले करार मोडल्याची ही भरपाई होती, असें कंपनीचें म्हणणें. पुढें दिल्ली उच्च न्यायालयानें २००४ व २००५ च्या निकालांत लांचेचे आरोप रद्द केले. तोफा मात्र १९९९ सालीं कारगिलच्या डोंगरांत उत्तम उपयोगी पडल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेंत माणसें धाडणाऱ्या गांवाला या हकीकतीचा अर्थ शहरापेक्षां लौकर समजतो. दलालीपायीं एखाद्या वेळीं निकृष्ट माल निवडला गेला, तर त्याची किंमत प्रथम अशाच गांवांना मोजावी लागेल.

मध्यस्थाला नुसती मनाई केल्यानें तो नाहींसा होत नाहीं, इतकें यावरून दिसलें. ३१ जानेवारी १९८९ च्या अर्थखात्याच्या आदेशानें, परदेशी कारखान्याच्या वतीनें भाव देऊं इच्छिणाऱ्या भारतीय एजंटानें सरकारकडे नांव नोंदविणें सक्तीचें झालें. संरक्षण खात्यानेंहि २००१ सालीं नोंदणी केलेल्या एजंटांना वाट मोकळी केली. अडतीचा नियम असा कीं, ती भावपत्रकांत उघड लिहावयाची आणि एजंटाला येथेंच रुपयांत द्यावयाची. यंत्राची किंमत १,००,००० डॉलर व अडत शेंकडा ५ असेल, तर कारखान्याकडे ९५,००० डॉलर जातात आणि उरलेल्या ५,००० डॉलरांचे रुपये एजंटाच्या येथील खात्यावर जमा होतात. परकीय चलन वांचतें आणि प्राप्तिकर खात्याच्या नजरेंतून रक्कम सुटत नाहीं. हळदीच्या पेठेंतील पट्टी ती हीच.

केंद्रीय दक्षता आयोगानें जानेवारी २०१२ मध्यें आणखी दोन गोष्टी बजावल्या. एकाच निविदेस कारखाना व त्याचा एजंट या दोघांनींहि भाव देऊं नये. आणि एका एजंटानें त्याच वस्तूसाठीं दोन कारखान्यांच्या वतीनें उभें राहूं नये. दोन्ही लखोटे एकाच्याच हातांत असल्यावर चढाओढ कसली उरली!

सामान्य वित्तीय नियमांच्या २००५ सालच्या आवृत्तींत नोंदणी सक्तीची होती. २०१७ च्या आवृत्तींत, मंत्रालयास गरज वाटल्यास त्यानें एजंटांची नोंदणी करावी, इतकेंच उरलें. आणि नोंदणी करणारें जुनें खरेदी महासंचालनालयहि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं बंद झालें. त्यामुळें भार पडतो तो निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यावर. अडतीच्या रकान्यांत शून्य लिहिलेलें आढळलें, तर यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीस कोण येणार आणि त्याला पैसे कोण देणार, एवढें त्यानें कारखान्याला त्याच दिवशीं लेखी विचारावयास हवें.