मालट्रकच्या धडकेनंतर : नुकसानभरपाईचा हक्क
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मालट्रक यांची दाटी होते. अपघात घडला की घरची माणसे दवाखान्याच्या धावपळीत असतात, आणि नेमका तेव्हाच ट्रकमालकाचा माणूस येतो. "कोर्टात चपला झिजतील, हे पंचवीस हजार घ्या अन् मिटवा," म्हणत तो कोऱ्या कागदावर सही मागतो. ती सही करू नका. ट्रकचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. विमा चालू असला तर भरपाई सहसा विमा कंपनी भरते.

प्रथम पोलिसांत फिर्याद द्या. ट्रकचा नंबर, फिर्यादीची व पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची प्रत्येक पावती जपून ठेवा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो; त्याचीही प्रत मागा. बैल दगावला असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून दाखला घ्या. बैलाची आणि गाडीची भरपाईही मागता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात परजिल्ह्यात झाला तरी तो आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात चालतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेरावे-चौदावे उरकू, सुगी होऊ द्या, असे म्हणता म्हणता ते दिवस संपतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर जखमेबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. पण ही रक्कम विमा कंपनीकडून तडजोडीत स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. तेव्हा आधी हिशेब करा.

हिशेब असा. समजा ३८ वर्षांचा शेतकरी गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. त्याच्या कष्टाचे मोल महिना १० हजार धरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. झाले १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १ लाख २६ हजार उरतात. या वयाला २००९ च्या निकालाप्रमाणे गुणक १५. एकूण १८ लाख ९० हजार. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. आता ते पंचवीस हजार आठवून पाहा!

इथे विमा कंपनीचा वकील म्हणतो, "जमीन तर जागेवरच आहे, उत्पन्न कुठे बुडाले?" न्यायालयही जमिनीचे सगळे उत्पन्न बुडाले असे धरत नाही, पण माणसाची मेहनत आणि देखरेख गेली, तिचे मोल धरते. म्हणून नुसता सातबारा पुरत नाही. कारखान्याची ऊसबिले, दूध संस्थेच्या पावत्या, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, आता लावलेल्या गड्याच्या मजुरीची नोंद, हे सारे दाखवा. घरची बाई गेली तर तिच्याही कामाचे मोल धरले जाते. "ती काही कमवत नव्हती" असे जबाबात सांगू नका.

ट्रकमध्ये आपला भाजीपाला घेऊन निघालात तर मालाचा मालक म्हणून विम्याचे संरक्षण असते. मालाची पावती मात्र खिशात हवी. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नसते. उभ्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक नसेल तर चुकीचा काही वाटा आपल्यावर येतो आणि तेवढी रक्कम कापली जाते.

ठोकर देऊन ट्रक पळाला आणि सापडलाच नाही, तर शासकीय योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर जखमेबद्दल ५० हजार मिळतात.

वकिलाची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भरपाईत टक्केवारी मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. कोणी मागितली तर तेथेच विचारा.