पाठ केलेलं गाणं आणि रचलेलं गाणं

(अभ्यासिका चालवणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी अनेक जण आपापल्या मोहल्ल्यात संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. ‘मुलं धडा घडाघडा म्हणतात, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प बसतात,’ ही तक्रार मी सकाळपासून ऐकतो आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. या गप्प बसण्यावर मला एक उपाय सापडला आहे: मुलांकडून गाणी रचून घेणं.

पाढे चालीवर म्हणणं, कविता पाठ करणं याला माझा विरोध नाही. त्यानं लक्षात राहतं. पण दुसऱ्यानं केलेलं गाणं न समजताही म्हणता येतं. स्वतः रचायचं तर आधी समजावं लागतं आणि जिथं समजलेलं नाही, तिथं ओळ अडते.

एक उदाहरण देतो. जलचक्राच्या धड्यासाठी मी मुलांना मोठ्या अभंगाचा साचा दिला. त्यात चार चरण असतात: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलं पाहिजे. बोटांवर मोजत, खोडत मुलांनी लिहिलं:

समुद्राचे पाणी । उन्हाने तापले ।
आभाळा भिडले । ढग झाले ॥

‘द्रा’ एक अक्षर की दोन, यावर वाद झाला. जोडाक्षर एकच मोजायचं, हे व्याकरण त्या वादात कळलं. एका कडव्याची अक्षरं 22, मग पाच कडव्यांची किती, हे गणितही झालं.

मग मी विचारलं, ‘तापलेलं पाणी वर गेलं आणि लगेच ढग झाले?’ वर्ग शांत. ‘सांद्रीभवन’ हा शब्द सगळ्यांना पाठ होता, पण गाण्यात ती पायरीच नव्हती! चहाच्या पातेल्यावरचं झाकण आठवून मुलांनी दुसरं कडवं रचलं:

वर हवा गार । वाफ तिथे निवे ।
थेंब होती नवे । तेच ढग ॥

एका मुलीनं विचारलं, ‘समुद्र खारट, मग पाऊस खारट का नाही?’ आम्ही ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवलं. पाणी उडालं, मीठ तळाशी उरलं. मिठागरात हेच होतं. हा प्रश्न परीक्षेच्या पेपरात नव्हता, तो गाण्यातून आला.

आता आपल्या घरांचा प्रश्न. आपली कितीतरी मुलं घरी दखनी किंवा उर्दू बोलतात, शाळेत मराठी. उत्तर माहीत असूनही शब्द चुकेल म्हणून ती हात वर करत नाहीत. हळूहळू शिक्षकही त्यांना विचारेनासे होतात आणि पुढे शाळा सुटते. मी त्यांना सांगतो, पहिली ओळ घरच्या भाषेत लिहा. एका मुलानं ‘धूप’ लिहिलं. मराठीत धूप जाळतात, उन्हाला धूप म्हणत नाहीत, हे कळल्यावर सगळेच हसले, तोही हसला. मग त्यानं ‘ऊन’ लिहिलं. दोन्ही शब्द त्याचे झाले.

इतिहासासाठी पोवाडा घ्या. पोवाड्याला कोण, कुठं, केव्हा आणि का, हे सगळं लागतं. चवदार तळ्यावर पोवाडा रचायचा तर 20 मार्च 1927 ही तारीख येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा कोणी दिली, हे शोधावं लागतं. ती फत्तेखान या स्थानिक मुसलमानानं दिली होती. आपल्या मुलांना ही ओळ स्वतः लिहू द्या.

काही पालक विचारतात, ‘मुलीला गाणं कशाला?’ त्यांच्याशी वाद घालू नका. लग्नघरात बायका गीतं जोडतात, आई अंगाई जोडते, हे त्यांना आठवून द्या. वाद्य लागत नाही, स्टेज लागत नाही. मुलीनं ओळी नुसत्या वाचून दाखवल्या तरी काम झालं. मात्र तिच्या ओळी वहीत मिटून राहू देऊ नका.

‘हे आपलं नाही’ असं कोणी म्हणालं, तर श्रीगोंद्याचे संत शेख महंमद आठवा. त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर सगनभाऊ आठवा. बार्शीचे शाहीर अमर शेख आठवा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव घुमला. मराठीत रचणं हा आपला वारसा आहे.

उद्यापासून काय करायचं? आठवड्यातून एक तास ठेवा. चार-चार मुलांचे गट करा, एका धड्याचं एकच कडवं मागा. चाल त्यांना माहीत असलेली घ्या. चूक दिसली तर ओळ तुम्ही दुरुस्त करू नका. प्रश्न विचारा आणि थांबा. स्पर्धा, बक्षिसं नकोत. नाहीतर घरचे मोठेच लिहून देतील. आणि गाणं झालं म्हणून धडा सोडू नका. ते पुस्तकाशेजारी ठेवून ताडून बघा.

जे मूल स्वतःची ओळ उभी करतं, ते दुसऱ्याच्या ओळीलाही ‘हे खरं आहे का?’ असं विचारू लागतं. आपल्या मोहल्ल्यात अशी विचारणारी मुलं हवी आहेत. अभ्यासिका त्यासाठीच चालवा.